आरती ओवाळली आणि डबा झोपला

"मी, दत्ता वल्द सखाराम, जिनिंग फिटर, बयान देतो की आगीच्या रोजी स्पार्कचा डबा मी माझ्या हातानं बंद ठेवला होता."

मॅनेजर व्यंकटरावांनी एवढं वाचलं आणि चष्म्याच्या वरून आमच्याकडे बघितलं. वाचन झकास होतं. आवाजात चढउतार होता, 'माझ्या हातानं' वर योग्य तो जोर होता. अडचण एकच होती. ज्याच्या नावाचं हे बयान होतं, तो दत्तूमामा दाराशी मान खाली घालून उभा होता आणि त्यातलं एक अक्षरही त्याच्या तोंडून निघालेलं नव्हतं. मजकूर मॅनेजरनी स्वतःच लिहून काढला होता. आता फक्त सही हवी होती. संध्याकाळी आगीची चौकशी करणारे अधिकारी मुआयना करायला येणार होते, आणि त्याआधी कागद तयार पाहिजे होता.

"करा सही," मॅनेजर म्हणाले.

"मी बंद नाई केला साहेब," दत्तूमामा म्हणाला. "मी कितीदा सांगून राह्यलो."

आदिलाबादहून नेरडीगोंड्याकडे जाताना हायवेला लागून ही जिनिंग मिल आहे. मिलचे मालक गोविंदशेठ टेबलामागे बसून कान कोरत होते. मला त्यांनीच बोलावून घेतलं होतं. माझ्या भावाचं आदिलाबादेत किराणा दुकान आहे, आणि दुकानाच्या माडीवर बसून मी कॉम्प्युटरचं काम करते. हैदराबादेत बरीच वर्षं नोकरी केली, मग कंटाळले आणि परत आले. माझं काम म्हणजे ड्रायव्हर लिहिणं. हे सांगितलं की लोक आधी ट्रककडे बघतात, मग माझ्याकडे. यंत्राचा सुटा भाग आणि कॉम्प्युटर यांची बोलणी घडवून आणणारा जो छोटा प्रोग्रॅम असतो, त्यालाही ड्रायव्हर म्हणतात. मी तसले लिहिते. शेठना यातलं एवढंच ठाऊक होतं की किराणावाल्याची बहीण मशीनच्या पोटातलं बघते.

"ताई," शेठ म्हणाले, "तुमी फक्त एवढं पाहून सांगा, डब्बा चांगला हाये का खराब. चांगला असन तर दत्तूची चूक. मंग मी मोकळा."

"आणि खराब असला तर?"

"तर कंपनीची चूक. मंग बी मी मोकळा."

शेठांची मोकळं होण्याची तयारी दोन्ही बाजूंनी पक्की होती. पण मामाचं तसं नव्हतं. सही केली की नोकरी जाणार, आणि वर निष्काळजीपणाची केस. सीझन नुकताच सुरू झालेला. असल्या बोभाट्यानंतर दुसऱ्या कुठल्या मिलनं त्याला दारात उभं केलं असतं?

आग कशी लागली ते आधी सांगते. मिलमध्ये कापूस येतो, जिनमध्ये त्याची सरकी वेगळी होते, आणि उरलेली रुई मोठ्या पाइपातून ब्लोअरच्या हवेनं पुढच्या हॉलमध्ये जाऊन पडते. तिथे तिचा ढीग होतो, आणि ढिगापाशी बायका काम करत असतात. कापसात कधीकधी एखादा खडा किंवा खिळा येतो. तो जिनमध्ये घासला की ठिणगी उडते. ती रुईत गुंडाळून पाइपातून मजेत प्रवास करते आणि ढिगात जाऊन पेट घेते. हे होऊ नये म्हणून पाइपाला एक डोळा बसवतात. त्याला सेन्सर म्हणायचं. डोळ्याला ठिणगी दिसली की त्याची तार डब्याकडे खबर देते, आणि डबा लगेच ब्लोअर थांबवतो, भोंगा वाजवतो. एवढंच त्याचं काम. बाकी वेळ त्यानं हिरवा दिवा लावून गप्प बसायचं.

परवा दुपारी ठिणगी आली. ब्लोअर थांबला नाही, भोंगा वाजला नाही, ढीग पेटला. पार्वतीबाई नावाची कामकरीण ढिगाच्या अगदी शेजारी होती. तिचा पदर पेटला, तिनं तो तिथल्या तिथे चुरगाळून विझवला आणि बाकीच्या बायकांना बाहेर ढकललं. दत्तूमामानं धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला, मिल बंद पाडली, आणि मग सगळ्यांनी पाणी मारून आग विझवली. कुणाला मोठी इजा झाली नाही.

पार्वतीबाई दत्तूमामाची बायको.

हे कळल्यावर मी मॅनेजरना म्हटलं, "अहो, ज्याची बायको ढिगापाशी उभी असते तो माणूस डबा बंद ठेवील का?"

"मॅडम, वो सब इमोशनल बात है," ते म्हणाले. "तुमी मशीनची बात करा. या."

आम्ही सगळे डब्याकडे गेलो. भिंतीवर पत्र्याची पेटी, हिरवा दिवा, छोटा स्क्रीन आणि एक लाल बटण. बटणाखाली 'टेस्ट'. व्यंकटरावांनी जादूगाराच्या थाटात बाही मागे सारली आणि बटण दाबलं. भोंगा असा केकाटला की छपरावरची कबुतरं उडाली. तिकडे ब्लोअर घरघरत थांबला.

"देखा? आगीच्या दुसऱ्या दिवशी बी दाबलं. चाललं. आज बी चाललं. डब्बा फर्स्ट क्लास. तर मंग त्या दिवशी काऊन नाई चालला? बंद होता म्हणून! आणि कुणी बंद केला? दसऱ्याला याला प्लग काढताना मी माझ्या डोळ्यांनी पाह्यलं."

मी मामाकडे बघितलं. 

"दसऱ्याला प्लग काढला होता का मामा?"

"काढला होता," तो म्हणाला. "पण आगीच्या दिवशी नाई."

"दसऱ्याला का काढला?"

मामा डब्याच्या वायरीवरची धूळ पुसू लागला. मॅनेजरनी विजयानं माझ्याकडे बघितलं.

आता मॅनेजरचं तर्कशास्त्र वाईट नव्हतं, हे मला कबूल करायला हवं. डबा चालतो आहे, तरी त्या दिवशी चालला नाही, म्हणजे कुणीतरी बंद केला. पण या तर्काला एक भोक होतं. आग लागल्यावर मामानं मेन स्विच ओढला, म्हणजे डब्याचीही वीज गेली. नंतर वीज आली आणि डबा नव्यानं सुरू झाला. झोपेतून उठलेला माणूस ताजातवाना दिसतो, त्यावरून तो आधी झोपला नव्हता असं ठरत नाही.

मी डबा बनवणाऱ्या हैदराबादच्या कंपनीला फोन लावला. बऱ्याच 'होल्ड'नंतर नरेश नावाचा इंजिनियर आला. तो महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या बासरला शिकलेला, त्यामुळे मराठी समजत होतं, पण बोलायचा हिंदीतच.

"मॅडम, टेस्ट बटन से भोंगा बजता है ना? फिर तो बॉक्स ओके है."

"या सीझनला काही बदललंय का त्यात?"

"सॉफ्टवेअर अपडेट किया था. दसरे के पहले. अभी और फास्ट है."

"फास्ट कसं केलं?"

"मॅडम, वो... कंपनी का कोड है. अप्रूवल लगेगा."

तिथे त्याचं दार बंद झालं. त्याचा दोष नव्हता. अप्रूवल संध्याकाळपर्यंत येणार नव्हतं, आणि आमच्याकडे संध्याकाळपर्यंतच वेळ होता.

मी व्यंकटरावांना म्हटलं, "बटण नको. मला डोळ्यासमोर खरी ठिणगी धरून बघायचीय."

त्यांचा चेहरा असा झाला की जणू मी देवळात चप्पल घालून आले. "जिनिंग मिल में आग जलाएंगे? मॅडम, इथं बिडी पेटवली तरी हाकलून देतो आमी!" हे मात्र त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. नुसत्या माझ्या शंकेवर कापसाच्या ढिगाऱ्यात काडी ओढायला कोण परवानगी देईल? मीही दिली नसती.

मी बाहेर आले. गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर पार्वतीबाई बसली होती. मी तिच्याशेजारी जाऊन बसले आणि दोन चहा सांगितले. बाई चहा पिण्यापेक्षा फुंकरच जास्त घालत होती.

"बाई, तुमचा नवरा चांगला माणूस आहे," मी म्हटलं. "पण दसऱ्याचं विचारलं की त्याच्या तोंडाला कुलूप लागतं. का हो?"

"चांगला हाये म्हणूनच," ती म्हणाली. "मुर्दाड असता तर केवाच सांगितलं असतं."

"काय सांगितलं असतं?"

तिनं आजूबाजूला बघितलं. मामा गेटपाशी येऊन उभा होता. तिनं त्याला हाक मारली. "अवो, इकडे या. सांगा ना आता त्या ताईले! केस झाल्यावर सांगता का? शेठाणीची काळजी करून राह्यले, अन् माही कोण करन?"

मामा आला, बाकड्याच्या टोकावर टेकला आणि हळूहळू बोलायला लागला.

आमच्याकडे दसऱ्याला हत्यारांची पूजा होते, तशी मिलमध्ये मशीनची. तोच कापसाच्या सीझनचा मुहूर्त. यंदा शेठांच्या बायकोनं, सुलोचनाबाईंनी, पहिल्यांदाच पूजा स्वतः करायची ठरवली होती. त्या वर्षभर आजारी होत्या, नुकत्याच उठून बसू लागल्या होत्या, आणि शकुन-अपशकुन त्या फार मानत. मिल बंद होती. सगळ्या मशीन धुऊन पुसून ठेवल्या होत्या. पाइपातला डोळाही काढून, पुसून, तार जोडलेलीच ठेवून पाटावर डब्यासमोर मांडला होता. मात्र या मिलमध्ये एक रीत आहे. वीज काढलेल्या मशीनची पूजा करत नाहीत. दिवा असेल तर दिवा लागलेला हवा, नाहीतर ते मेलेल्या मशीनची पूजा केल्यासारखं होतं. म्हणून डबा चालू ठेवला होता.

"बाईंनी कापूर लावला," मामा म्हणाला, "डब्ब्याले कुंकू लावलं, आरती ओवाळली. मॅनेजर तवा नारळ आणायले गेल्ते. बाई गेल्या प्रसाद वाटायले. मी पाह्यलं तं स्क्रीन अटकून बसला. घड्याळ त्याचं जागच्या जागी. बटण दाबलं तं भोंगा नाई. दिवा लागेल होता, पण आत जीवच नाई. पयली आरती बाईच्या हातची, अन् मशीन मेली म्हणून सांगू का मी? बाईनं तं हाय खाल्ली असती. मंग गुपचूप प्लग काढला, परत लावला. झाला चालू. तेवढ्यात मॅनेजर आले."

"हे मॅनेजरना का नाही सांगितलं?"

"सांगतो तं ते शेठले सांगतील. शेठ बाईले सांगतील. चालू तं झाला होता ना ताई. मले वाटलं, बरकत हाये."

मी चहाचा ग्लास खाली ठेवला. खरं सांगते, मला त्या क्षणी बाकड्यावर उभं राहून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. डबा चालू. डोळा समोर. डोळ्यापुढे जळता कापूर. आणि डबा मेला! मला हवी होती ती खऱ्या ज्योतीची चाचणी दसऱ्यालाच होऊन गेली होती, तीही हळदीकुंकवासकट, आणि निकाल फक्त या माणसाच्या पोटात होता.

मी मामाला घेऊन तडक शेठांकडे गेले. "शेठ, डबा, डोळा आणि भोंगा खाली काढा. बाहेर पटांगणात, पाण्याच्या टाकीपाशी नेऊ. जवळपास कापसाचा तंतू नको. भरलेल्या बादल्या ठेवा. आणि आरतीचं ताट मागवा."

"आरतीचं ताट?"

"कापूर घालून."

शेठनी कान कोरायचं थांबवलं. दसऱ्याची हकिगत मी त्यांना सांगितली, मात्र त्यात सुलोचनाबाईंच्या नावाऐवजी 'आरती करणारी व्यक्ती' असा शब्द वापरला. शेठ मूर्ख नव्हते. मामाकडे बघत ते म्हणाले, "काढा खाली."

टाकीपाशी टेबल मांडलं. मामानं सगळ्या वायरी जोडून दिल्या. डबा सुरू झाला, हिरवा दिवा लागला. मी माझ्या लॅपटॉपवरून एक वायर डब्याच्या पोटातल्या एका छोट्या पिनेला जोडली. या वायरीचं नाव सिरियल कन्सोल. कॉम्प्युटर आतून कोसळतो तेव्हा स्क्रीन गोठतो, पण मरता मरता तो या वायरीवर चार शब्द बोलून जातो. ऐकणारं कुणी असलं तर.

"आता आरती कोण करणार?" शेठनी विचारलं.

"व्यंकटराव करतील," मी म्हटलं. "डब्यावर सगळ्यात जास्त विश्वास त्यांचा."

ते नको नको म्हणत पुढे आले. पण एकदा ताट हातात आल्यावर माणसात बदल होतो. त्यांनी चप्पल काढली, डोक्यावर रुमाल टाकला. बायका हॉलच्या दारात गोळा झाल्या. "मॅनेजर, घंटी बी वाजवा!" कुणीतरी ओरडलं. "प्रसाद काय देता?" दुसरीनं विचारलं. व्यंकटरावांनी आधी टेस्ट बटण दाबलं. भोंगा खणखणीत वाजला. मग त्यांनी कापराचं ताट डोळ्यासमोर आणलं आणि गंभीर चेहऱ्यानं ओवाळलं.

भोंगा वाजला नाही. हिरवा दिवा शांतपणे लागलेला होता.

"बघा, काहीच झालं नाही," ते म्हणाले.

"तेच तर झालं. आता बटण दाबा."

त्यांनी दाबलं. शांतता. पुन्हा दाबलं. मग अंगठ्यानं दाबलं, मग दोन अंगठ्यांनी. मग ते डब्याला तेलुगूत काहीतरी समजावून सांगू लागले. स्क्रीनवरचं घड्याळ जागच्या जागी उभं होतं. डबा मेला होता आणि चेहऱ्यावर 'सगळं ठीक' असा भाव घेऊन मेला होता.

माझ्या लॅपटॉपवर मात्र त्याचे शेवटचे शब्द उमटले होते. ते होते, 'शेड्यूलिंग व्हाइल अटॉमिक', म्हणजे साधारण 'जिथे थांबायला बंदी, तिथेच थांबलो'. मी फोटो काढून नरेशला पाठवला आणि व्हिडिओ कॉल लावला. परवाच्या आगीचं, पार्वतीबाईच्या पेटलेल्या पदराचं सांगितलं, गोठलेला डबा दाखवला, कापराचं ताट दाखवलं, मॅनेजरही दाखवले.

नरेशनं फोटो मोठा करून पुन्हा वाचला. मग म्हणाला, "मॅडम, अप्रूवल छोड़िए. मैं बताता हूँ." आणि त्यानं कोडचा तो तुकडा मला वाचून दाखवला.

शेठ म्हणाले, "आमाले समजन असं सांगा."

मग मी त्यांना बसस्टँडजवळची मेस डोळ्यापुढे आणायला सांगितली. मेसमध्ये एक भटारखाना असतो. तिथे गिऱ्हाइकाला प्रवेश नाही. गिऱ्हाइकासाठी भिंतीत एक खिडकी असते. तिथून कूपन द्यायचं, रांगेत थांबायचं, ताट घ्यायचं. कॉम्प्युटरमध्ये हा भटारखाना म्हणजे कर्नल. आपण जे प्रोग्रॅम वापरतो ते सगळे बाहेरचे गिऱ्हाईक. आणि त्या खिडक्या म्हणजे डिव्हाइस फाइल. नाव फाइल असलं तरी आत कागद नसतो. भोंग्याची एक खिडकी, डोळ्याची एक खिडकी. बाहेरच्या प्रोग्रॅमनं भोंग्याच्या खिडकीवर 'वाज' म्हणून चिठ्ठी टाकली की आतला माणूस भोंगा वाजवतो.

मागच्या सीझनपर्यंत डब्यात असंच चालायचं. बाहेरचा एक प्रोग्रॅम डोळ्याच्या खिडकीवर नजर ठेवून असे. ठिणगी दिसली की भोंग्याच्या खिडकीवर जाई. छान चालत होतं. यंदा नरेशच्या साहेबांना ते आणखी फास्ट हवं झालं. बाहेरच्या गिऱ्हाइकाची ये-जा कशाला, आतल्या आचाऱ्यालाच सगळं काम सांगू. म्हणून नरेशनं कर्नल मॉड्यूल लिहिलं. मॉड्यूल म्हणजे भटारखान्यात नव्यानं ठेवलेला आचारी.

"चांगलंच केलं मंग," शेठ म्हणाले.

"इथवर चांगलं. पण या आचाऱ्याला भोंगा वाजवायचा असतो तेव्हा तो काय करतो माहितीय? हातातला झारा घेऊन मागच्या दारानं बाहेर जातो, स्वतःच्याच मेसच्या खिडकीसमोर गिऱ्हाईक म्हणून रांगेत उभा राहतो आणि चिठ्ठी टाकतो. आतून डिव्हाइस फाइल उघडायची म्हणजे हेच. तो आतच होता, सरळ हाक मारू शकत होता."

बायका हसल्या. व्यंकटरावही हसले.

"नुसतं एवढंच असतं तर वेडेपणा म्हणून सोडून दिलं असतं. पण ठिणगी दिसली की डोळा तातडीची हाक मारतो. त्याला इंटरप्ट म्हणतात. ती हाक म्हणजे कढईतल्या तेलानं पेट घेतलाय. तेव्हा भटारखान्यातलं बाकी सगळं काम थांबतं आणि आचाऱ्यानं उभ्या उभ्या, एका दमात जे करायचं ते करायचं असतं. बसायचं नाही, थांबायचं नाही, झोपायचं तर मुळीच नाही. आणि हा पठ्ठ्या नेमका तेव्हा रांगेत जाऊन उभा राहतो. आपला नंबर यायची वाट बघत डुलकी काढतो. आता चिठ्ठी घ्यायला आत कोण आहे? कुणी नाही. सगळे याच्यासाठी थांबलेत, हा त्यांच्यासाठी थांबलाय. मेस बंद. दिवा तेवढा चालू."

"अन् ते बटण?" मामानं विचारलं.

"बटण दाबलं की बाहेरचा प्रोग्रॅम खिडकीवर जातो. रीतसर गिऱ्हाईक. त्याला रांगेत थांबायची परवानगी असते. म्हणून डबा जिवंत असेपर्यंत बटणानं भोंगा वाजतो. ठिणगीचा रस्ता वेगळा आहे, आणि तो रस्ता कुणी तपासलाच नाही."

फोनवर नरेशचा आवाज बारीक झाला होता. "मॅडम, लॅब में आग कौन जलाता है? सबने बटन से टेस्ट किया. मैंने भी. उस औरत को... ज़्यादा जला क्या?"

पार्वतीबाई जवळच होती. तिनं फोनमध्ये डोकावून बघितलं. समोरचा चेहरा रडवेला होता. "नाई रे बाबा, मी चांगली हावो," ती म्हणाली. "तू जेवला का?"

तो जेवला नव्हता.

"मेरी नौकरी जाएगी मॅडम."

"मी रिपोर्टमध्ये मॉड्यूलचं नाव लिहीन," मी म्हटलं. "आणि हेही लिहीन की अप्रूवलची वाट न बघता तूच कोड वाचून दाखवलास. आता रडणं नंतर. दुरुस्त कर."

त्यानं केलं. मी फक्त शेजारी बसल्यासारखी फोनवर होते. नव्या रचनेत आचारी रांगेत जात नाही. हाक आली की उभ्या उभ्या फक्त बाहेरच्या माणसाला टपली मारून जागं करतो आणि आपल्या जागी परत येतो. बाहेरचा माणूस खिडकीवर जाऊन भोंगा वाजवतो. मागच्या सीझनला चालत होतं जवळजवळ तसंच. वेग किती कमी झाला म्हणाल तर ठिणगी पाइपातून हातभर सरकायच्या आत हे सगळं उरकतं. म्हणजे फास्ट करायची गरजच नव्हती.

नवीन सॉफ्टवेअर डब्यात घातलं. व्यंकटराव न सांगता पुन्हा ताट घेऊन तयार. ओवाळलं, आणि भोंगा असा वाजला की त्यांच्या हातून कापूर बादलीत पडला. बायकांनी टाळ्या पिटल्या. त्यांनी आणखी कापूर मागवला. पुन्हा वाजला. आणखी एकदा करू द्या म्हणाले. शेवटी ताट काढून घ्यावं लागलं.

या गोंधळात सुलोचनाबाई कधी येऊन उभ्या राहिल्या ते कुणालाच कळलं नाही. मिलच्या आवारातच त्यांचं घर. आपलं पूजेचं ताट पटांगणात का मागवलं ते बघायला त्या आल्या होत्या आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं; दत्तूनं दसऱ्याला प्लग काढल्याची बोंब तर आधीच त्यांच्या कानावर होती. 

"दत्तू," त्या म्हणाल्या, "दसऱ्याले माह्या आरतीनं डब्बा बंद पडला होता?"

"हो बाई."

"अन् तू मले सांगितलं नाई."

"तुमाले वाईट वाटलं असतं. आत्ताच कुठं उठून बसल्या तुमी."

"वाईट वाटलं असतं," त्या म्हणाल्या. "चार दिवस जेवण गेलं नसतं. पण कुणीतरी येऊन डब्बा पाह्यला असता ना? पार्वतीचा पदर तं नसता जळला." मग जरा थांबून, "माही आरती वाया नव्हती गेली रे. तिनं बरोबर दाखवलं होतं. तूच झाकून ठेवलं."

  त्यांचं म्हणणं अगदी खरं होतं, आणि मामानं केलं ते मायेनंच केलं होतं, हेही तितकंच खरं होतं.

त्या त्याच्याजवळ गेल्या. "आता माह्यापासून काही लपवत जाऊ नको. मी काचेची हावो का?"

चौकशीचे अधिकारी आले तेव्हा कागद माझा होता. डब्यातल्या सॉफ्टवेअरचा दोष, तो कसा दिसला, कसा दुरुस्त झाला. मॅनेजरनी लिहिलेलं बयान शेठनी घडी करून खिशात घातलं. अधिकारी गेल्यावर शेठ म्हणाले, "चला, झालं. दत्तू, कामाले लाग."

मामा जागचा हलला नाही. "झालं कसं शेठ? साऱ्या मिलीत झालं की दत्तूनं बायकोले जाळलं. ते कागदावर नाई, तोंडातोंडी झालं. मंग ते बी तोंडानंच काढा."

शेठांसारखा माणूस असं कधी कुणासाठी करत नाही. पण ते उठले. डबा आणि डोळा जागेवर बसवून हॉलमध्ये काम पुन्हा सुरू झालं होतं. ढिगापाशी जाऊन त्यांनी घसा खाकरला आणि दोन वाक्यं बोलले. ब्लोअरच्या घरघरीत एक शब्द कुणाला ऐकू गेला नाही. बायका आपल्या रुई ओढत होत्या.

"मोठ्यानं बोला शेठ!" पार्वतीबाई ओरडली. "ब्लोअर चालू हाये!"

शेठ पुन्हा बोलले. पुन्हा काही नाही. शेवटी व्यंकटराव धावत गेले आणि त्यांनी ब्लोअर बंद केला. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये एकदम शांतता पसरली. सगळ्या बायका वळून बघू लागल्या, आणि शेठांना त्या शांततेत, पूर्ण आवाजात बोलावं लागलं.

"दत्तूची काई चूक नव्हती. डब्बा खराब होता. आमी उगाच त्याच्यावर आळ घेतला."

मामानं मान हलवली आणि ब्लोअर चालू करायला गेला.

आमच्या धंद्यात नवशिक्यांना सुरुवातीलाच सांगतात, की कर्नलच्या आतून डिव्हाइस फाइल उघडू नका. ते लक्षात राहतं, किंवा नाही राहिलं तर असं कधीतरी समजतं. त्यापेक्षा साधी गोष्ट मात्र कुणी शिकवत नाही. ज्या वाटेनं संकट येणार आहे, त्याच वाटेनं एकदा चाचणी पाठवून बघा. आणि ती नापास झाली, तर कुणाचं मन दुखेल याचा विचार दुसऱ्या दिवशी करा.